चिमणीतून उलटी येणारी हवा

आमच्या कामात गुरुत्वाकर्षण ही खूण करायची गोष्ट आहे. सॉफ्टवेअर उघडलं की एका कोपऱ्यात बारकासा चौकोन दिसतो, आणि त्यावर बरोबरची खूण केल्याशिवाय त्या जगात वर आणि खाली असं काही नसतं. आग पेटलेली असते, पण धूर वर जात नाही. जिकडे वारा ढकलेल तिकडे आडवा सरपटत राहतो. नवीन पोरं ही खूण विसरतात आणि मग दिवसभर डोकं खाजवत बसतात. मला मात्र या चौकोनाचं पहिल्यापासून भारी वाटत आलंय. जग कसं चालतं हे आधी मी सांगायचं, मगच ते चालायला लागणार. आमच्या घराण्यात आजवर कुणाला असं विचारलं गेलं नव्हतं.

संगणकावर हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहाची गणितं मांडणं हे माझं काम. लोकांना वाटतं, गणित संगणक करतो, म्हणजे सगळं तोच करतो. तो गणित करतो हे खरं, पण तो फार आज्ञाधारक आहे. तुम्ही खोली आखून दिली की तो विचारतो, हवा गरम आहे का थंड, धूर आहे का, आणि या खोलीच्या कडेला काय काय आहे? ही भिंत आहे का? हे दार उघडं आहे का? या पंख्यातून किती हवा बाहेर जाते? याला पुस्तकात सीमा-अटी म्हणतात. आमच्या बेळगाव-हुबळीच्या भागात सीमा म्हटलं की दुसराच वाद सुरू होतो, म्हणून ऑफिसात आम्ही सरळ बाउंड्री म्हणतो. तुम्ही बंद दाराला उघडं म्हणालात तर संगणक मुकाट्यानं त्यातून हवा आत घेतो. वर रंगीत चित्रही काढून देतो, निळं-हिरवं, बघून कुणालाही गार वाटावं असं.

मी तेव्हा हुबळीच्या केशवापुरात, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर असलेल्या लहान ऑफिसात काम करत होते. सर आणि आम्ही तिघंचौघं. सर हुशार होते, हे मी आजही नाकारणार नाही. कन्नड त्यांची घरची भाषा, पण शिक्षण बेळगावात झाल्यामुळे मराठी माझ्याइतकीच सफाईदार. मला नोकरीवर घेताना त्यांनी आडनाव ऐकून चेहरा बदलला नव्हता, एवढ्यावरच मी त्यांना बरेच दिवस मोठं मानत आले होते. माणसाला मोठं मानायला आपल्याला किती थोडं पुरतं, याचा मला आता राग येतो.

एक दिवस दुर्गदबैलाच्या बाजारातले एक व्यापारी आले. वडिलोपार्जित दुकान, कुलपं, कड्या, खिळे, बिजागऱ्या. आता त्यांनी कारखान्यांना लागणारे मोठे पंखे विकायला घेतले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. अण्णांना एका बेकरीच्या शेडमध्ये भिंतीत बसवायचे दोन दांडगे पंखे विकायचे होते, आणि कोटेशनला जोडायला एक रंगीत चित्र हवं होतं. पंखे लावले की आतली हवा कशी स्वच्छ होते, ते दाखवणारं. ते म्हणाले, "हल्ली गिऱ्हाइकाला नुसतं बोलून पटत नाही हो. चित्र दाखवलं की पटतंय."

त्यांनी बेकरीचा नकाशा टेबलावर पसरला. मी त्यावरचं नाव वाचलं आणि ओळखलं. खारी आणि टोस्ट बनवणारा तो कारखाना गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत होता, आणि त्याच शेडमध्ये, भट्टीपासून थोड्या अंतरावर लांब टेबलं लावून ज्या बायका टोस्ट पाकिटांत भरत, त्यांत माझी आई होती. मी इंजिनियर झाले ते त्या टोस्टांवर.

संध्याकाळी घरी सांगितलं तर आईला कोण आनंद.

"पंखं येणार म्हणे की गं," ती म्हणाली. "आमी किती वरसं मागालोय. मालकाच्या कानावर घालून घालून दमलो. आता तूच कराय लागलीस म्हंजे लवकर होईल बघ."

त्या शेडमधलं दुपारचं काम आईला भारी पडायचं. जेवण झालं की डोकं धरायचं, मळमळायचं, एखादीला उलटी व्हायची. सगळ्या म्हणत पित्त. सकाळी उपाशी यायचं, दुपारी घाईघाईत जेवायचं, मग पित्त नाही तर काय होणार? पंखे आले की हे सगळं संपेल अशी सगळ्यांची खात्री होती, आणि आपली लेक ते पंखे आणते आहे हे आईनं दुसऱ्याच दिवशी टेबलावर सगळ्यांना सांगून टाकलं.

मी अण्णांबरोबर जाऊन शेड बघून आले. नकाशात मागच्या भिंतीला मोठं शटर होतं, आणि अण्णांच्या हिशेबानं पंख्यांना लागणारी ताजी हवा तिथून येणार होती. प्रत्यक्षात शटर खाली ओढलेलं, आणि त्याला लागून मैद्याच्या पोत्यांची थप्पी. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "मागं रस्त्याचं काम चालू आहे. शटर उघडलं की खारीवर धूळ बसते. मैद्याची गाडी आली तरच उघडतो." हुबळीच्या धुळीपुढे कुणाचं काही चालत नाही, त्यामुळे मालकांचं म्हणणं मला पटलं. बाकी वाट म्हणजे बायकांचं जायचं-यायचं एक लहान दार, त्यालाही माश्यांसाठी प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा.

मी ऑफिसात येऊन जे होतं तेच मांडलं. शटर म्हणजे भिंत. लहान दार म्हणजे फट. भट्टी लाकडाची, तिच्या तोंडावरून वर जाणारी चिमणी म्हणजे आकाशाकडे उघडं भोक. दोन पंखे हवा बाहेर फेकणारे. गुरुत्वाकर्षणाची खूण केली. भट्टीची सकाळची धग आणि दुपारची धग वेगळी घेतली, कारण दुपारी भाजणं संपतं आणि आत नुसते निखारे उरतात. मग गणित सुरू केलं.

थोड्या वेळानं पडद्यावर इशारा यायला लागला. चिमणीच्या तोंडावर उलटा प्रवाह. परत तोच, परत तोच, ओळीमागून ओळी. म्हणजे चिमणीतून धूर वर जाण्याऐवजी बाहेरची हवा खाली येत होती, आणि भट्टीतलं जे काही होतं ते ढकलत टेबलांकडे नेत होती.

यात अवघड काही नाही. दोन पंखे खोलीतली हवा बाहेर ओढतात. गेलेल्या हवेची जागा भरायला कुठून तरी हवा आत यावीच लागते. शटर बंद, दाराला पडदा, मग उरली चिमणी. सकाळी धग जोरात असते तेव्हा चिमणी पंख्यांशी झगडत कशीबशी धूर वर नेते. दुपारी निखारे उरले की तिचा जोर संपतो. आणि निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जास्त झालं तर माणूस उठतच नाही.

मग मी नवे पंखे काढून टाकले आणि शेडमध्ये आज आहे तेवढाच, हवा बाहेर फेकणारा एकच जुना पंखा घेऊन गणित परत केलं. दुपारच्या निखाऱ्यांवर तोच इशारा, कमी वेळा, पण तोच. मी खुर्चीवरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आईचं पित्त माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर दिसत होतं आणि मला खाली रस्त्यावर कुणालातरी ओरडून शिव्या द्याव्याशा वाटत होत्या.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, ओळी बघितल्या आणि म्हणाले, "अदेनु दोड्ड विषय अल्ल, बिडु. एवढं काही नाही, सोड. चिमणीच्या सेटिंगमध्ये जा. उलटा प्रवाह रोखा, अशी खूण आहे ना? ती कर. आपल्या टेम्प्लेटमध्ये ती केलेलीच असते, तू नव्यानं सुरुवात केलीस म्हणून राहिली."

ही खूण खरी आहे. कुठून उलटा प्रवाह येणं शक्यच नसेल आणि नुसतं गणित सुरुवातीला धडपडत असेल तर तिचा उपयोगही असतो. पण ऑफिसात ती सवयच होऊन बसली होती. इशारा आला की खूण करायची, इशारा गेला की चहा मागवायचा. ही चूक फक्त आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. बाकी कुणाच्या डोक्यात येईल का, की धुराला खाली यायची मनाई केली म्हणजे तो येत नाही?

सरांनी माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच खूण केली. गणित गुपचूप पूर्ण झालं. चित्र आलं, सगळी टेबलं निळी-हिरवी. चिमणीतून येऊ न दिलेली हवा आता त्या लहान दारातून येत होती, आणि पट्ट्यांच्या फटीत एवढं वादळ होतं की आईचा पदर दारात पाऊल टाकताच उडून गेला असता.

मी दाराकडे बोट दाखवलं. "सर, हे बघा. असा वारा कधी कुठल्या दारात असतो का?"

"दाराकडे कोण बघतंय? टेबलाजवळचा भाग कापून द्यायचा."

"तिथं बायका बसतात, सर."

"मग पंखे नकोत का त्यांना? त्यांनीच मागितलेत ना?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी आई तिथं आहे म्हणून तू जास्तच करालीस. कामात घरचं आणायचं नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ती खूण त्यांच्यादेखत काढून टाकली आणि म्हणाले, शटर उघडं ठेवायला लावा, किंवा बाहेरून गाळून हवा आणणारी वाट करा, मग मी स्वतः चित्र काढून देते. दोन्ही नसेल तर या रिपोर्टवर माझी सही होणार नाही. सर म्हणाले, ठीक आहे, माझी करतो. शटरचं काय करायचं ते मालक बघून घेतील. आणि त्यांनी फाइल माझ्याकडून काढून घेतली.

घरी जाऊन आईला सांगितलं. ऑफिसातलं बाहेर सांगायचं नाही असा नियम होता. तो मी समजून उमजून मोडला, आणि आजही त्याचं मला काही वाटत नाही. मला वाटलं होतं, आई माझ्या बाजूनं उभी राहील. ती भडकली.

"आमी जीव काढून पंखं मागितलं आणि तू माझीच लेक आडवी पडालीस? उद्या बायका काय म्हणतील? तुझ्याच लेकीनं पंखं घालवलं म्हणतील."

"पंखे नकोत असं मी कुठे म्हणते? शटर उघडा म्हणते."

"शटर उघडलं तर धूळ बसती म्हणून मालक माल टाकून देतो आणि आमाला बोलतो. तुला काय ठावं. तू एसीत बसून रंग भरतीस."

त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी तिनं डबा भरून दिला, पण हातात न देता ओट्यावर ठेवला. मी चपला घालत असताना तिनं पाठमोरी राहूनच विचारलं, "म्हंजे ते पित्त नव्हतं?"

"नव्हतं, आई."

"मागल्या थंडीत एक पोरगी टेबलावरच पडली. गरवार होती म्हणून चक्कर आली म्हणालो आमी." ती ओटा पुसायला लागली, आणि मी थांबले नाही, कारण थांबले असते तर तिच्यापुढे रडू आलं असतं.

पंखे बसले. सुरू करायच्या दिवशी दुपारी ऑफिसात अण्णांचा फोन आला. सर ऐकता ऐकता लाल झाले. फोन ठेवून मला म्हणाले, "चल. गाडीत बस." वाटेत त्यांनी सांगितलं ते असं: बायका जेवून आत गेल्याच नाहीत. दारासमोर सावलीत बसल्यात आणि शटर वर केल्याशिवाय आत येत नाही म्हणतायत. भट्टीत निखारे, पंखे चालू, माल तसाच पडून.

"तूच पेटवलंस ना हे?" सर म्हणाले.

"हो. मी सांगितलं."

"मग आता तूच विझव. तू इंजिनियर आहेस, त्यांच्यातलीच आहेस, तुझं ऐकतील. सांग की आम्ही तपासलंय, सगळं ठीक आहे. एवढं केलंस तर मी झालं गेलं विसरतो. नाही तर उद्यापासून येऊ नकोस." ते पुढे रस्त्याकडे बघत होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. 'त्यांच्यातलीच' हा शब्द मात्र मी नीट ऐकला. एवढी वर्षं मी तो कधी आपणहून उच्चारला नव्हता, आणि त्यांनीही नाही. आज गरज पडली तेव्हा त्यांना तो बरोबर आठवला होता.

शेडपुढे पोचलो. पंखे घरघरत होते. मालक एका बाजूला, अण्णा दुसऱ्या बाजूला, आणि अण्णांच्या हातात ते निळं-हिरवं चित्र, प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेलं. बायका खाली बसल्या होत्या, काही आमच्या वस्तीतल्या, काही आजूबाजूच्या कन्नड बोलणाऱ्या. आई मधोमध होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

अण्णांनी चित्र माझ्या हातात दिलं. "सांग गं यवा, यांना. तुमच्या ऑफिसचंच आहे."

मी चित्र उलटं धरून बायकांना दाखवलं नाही की फाडलंही नाही. नीट धरलं. आधी कन्नडात बोलले, मग मराठीत, दोन्हीकडे सारखंच. म्हणाले, हे चित्र आमच्या ऑफिसचं आहे. यात चिमणीतून हवा खाली यायची नाही असं आधीच ठरवून टाकलंय, म्हणून ती खाली येताना दिसत नाही. ते ठरवणं काढून टाकलं की निखाऱ्यांचा विषारी वायू थेट तुमच्या टेबलावर येतो. त्याला वास नाही. डोकं दुखतं तो तोच. हे गणित मी केलंय, आणि मी सांगते, शटर वर केल्याशिवाय कुणीही आत बसू नका.

"हौदेनवा?" खरं का गं, असं एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं. मी म्हणाले, हौदु, खरं.

सर माझ्या नावानं जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी दोन्ही काखा वर केल्या, मी फक्त पंखे विकतो म्हणाले. मालक धुळीचं गाऱ्हाणं गायला लागले. तेवढ्यात आई उठली. तिनं पदर खोचला आणि मालकांसमोर जाऊन उभी राहिली. मालकांशी ती कायम मान खाली घालून बोलायची, मी लहानपणापासून ते बघितलेलं.

"धूळ आमी पुसतो की," ती म्हणाली. "ओला कपडा लावा शटरला, पोती बांधा, काय करायचं ते करा. पण शटर वर जायला पायजे. एक पोरगी पडली तवा आमी गप बसलो. आता आमाला कळलंय. कळल्यावर नाही बसणार."

मग ती कुणाच्या परवानगीची वाट न बघता आत गेली आणि मैद्याचं पहिलं पोतं ओढायला लागली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. मी गेले. मैद्याच्या पोत्याचं वजन काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. थप्पी हलली, शटरला गंज चढलेला, ते दोघींतिघींनी हिसके देऊन वर ढकललं. उन्हाचा मोठा तुकडा आत पडला, त्याच्याबरोबर धूळ आली, आणि भट्टीच्या तोंडाशी इतका वेळ लोंबकळत असलेला पातळ धूर हळूहळू मागे वळून चिमणीत शिरला. सरांनीही ते बघितलं. ते गाडीकडे निघून गेले आणि हॉर्न वाजवत राहिले.

मी त्या गाडीत बसले नाही. नोकरी गेली हे मला हॉर्नच्या आवाजावरूनच कळलं होतं. पुढे काय करायचं ते काहीच ठरलेलं नव्हतं, घरी कमावणाऱ्या आम्ही दोघीच, आणि तरीही मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

बायका टेबलाला लागल्या. आईच्या शेजारी बाकावर जागा होती. मी जाऊन बसले आणि टोस्टच्या ढिगाकडे हात नेला, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"मैदा लागलाय सगळा," ती म्हणाली. "हात धुऊन ये आधी. मग बस माझ्याजवळ."